पातीचा नियम कोणाचा

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. टाळायला कारणंही सापडत गेली. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग भाड्याचं घर बदललं, मग भाऊ गेला. पुण्यातली काही तरुण मंडळी पुठ्ठ्याचे, डब्यातले खेळ तयार करतात आणि रविवारी एकत्र बसून खेळतात. ती माझ्याकडे अधूनमधून त्यांच्या अंकासाठी लेख मागतात. शहर वसवायच्या खेळांतली तुमची आवडती मेकॅनिझम कोणती, त्यावर लिहा म्हणतात. मेकॅनिझम म्हणजे ज्या युक्तीवर खेळ चालतो ती युक्ती. मी दोनदा लिहून दिलं. जी युक्ती मला सगळ्यांत आवडते, ती दोन्ही वेळा चार ओळींत उरकली, आणि त्या चार ओळीही खऱ्या नव्हत्या. या वेळी नीट लिहितो.

आधी बाकीच्या युक्त्यांविषयी थोडं. एक युक्ती अशी की प्रत्येकाच्या हातात इमारतींचे सात पत्ते येतात. त्यातला एक ठेवायचा आणि उरलेले डावीकडच्याला द्यायचे. उजवीकडून आपल्याकडे सहा येतात, पुन्हा एक ठेवायचा. मला यातलं देणं आवडतं. बाजार ठेवला की दवाखाना सोडावा लागतो, आणि आपण सोडलेला दवाखाना शेजाऱ्याच्या शहरात उभा राहिलेला शेवटपर्यंत डोळ्यांसमोर दिसत राहतो. दुसरी युक्ती जागा धरण्याची. आपलं लाकडी माणूस एखाद्या कामावर ठेवलं की त्या फेरीपुरतं ते काम आपलं, दुसऱ्याला तिथे जाता येत नाही. हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कापूस खरेदी केंद्रापुढची गाड्यांची रांग आठवली. गडी चहाला गेला की आपल्या जागी दगड ठेवून जायचा, आणि त्या दगडाला कोणी हात लावत नसे.

तिसरी युक्ती म्हणजे पातीचा नियम. तिच्यासाठीच हा लेख आहे.

मी यवतमाळला एका सरकारी कार्यालयात आरेखक होतो. लेआउटचे नकाशे काढायचे, रस्ते किती रुंद, मोकळी जागा कुठे, नाली कोणत्या बाजूला उतरते, हे सगळं शाईनं ट्रेसिंगवर उतरवायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. पत्नी लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं. म्हणून शनिवारी दुपारी दारव्ह्याच्या गाडीत बसायचं, बोरी अरबच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं आणि रविवार धाकट्या भावाकडे काढायचा, असा नेम होता. शेती भाऊच पाहायचा. त्यांची एकुलती मुलगी मामाकडे शिकायला होती, त्यामुळे घरात भाऊ आणि त्याची बायको, दोघंच.

भावाची बायको म्हणजे माझी भावसून, आणि मी तिचा भासरा. आमच्याकडची रीत ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. भावसून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेते, त्याच्या हातात वस्तू देत नाही, खाली ठेवते. भासराही तिचं नाव घेत नाही. काही सांगायचं असलं तर मध्ये तिसरं माणूस लागतं. तेव्हा बऱ्याच घरांत ही रीत सुटत आली होती. आमच्याकडे आईच्या हयातीत पाळली, आणि आई गेल्यावर ती मोडायचा पुढाकार कोणी घेतला नाही. मोठा मी होतो, तेव्हा तो मीच घ्यायला हवा होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बोंडअळी आलेली, दोनदा पेरूनही वावर फाटकं दिसायचं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी वेगळं काय लिहू. आमच्या घरात त्याचा अर्थ इतकाच की भाऊ पूर्वीसारखा बोलेनासा झाला. जेवताना एकदम थांबायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. त्याचं मन कशात तरी गुंतावं म्हणून मी एक खेळ तयार केला. कार्यालयातल्या रद्द झालेल्या एका नकाशाच्या पाठीवर चौकटी आखल्या. बियाण्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून घरं, विहिरी, शाळा, बाजार, पाण्याची टाकी केली. सरकी म्हणजे गावातली माणसं. फासा टाकायचा, येईल तेवढं बांधायचं, सहा पडले की पुन्हा पाळी. ज्याच्या गावात जास्त सरकी राहायला येईल तो जिंकला.

रविवारी दुपारी आम्ही ओसरीत पोत्यावर बसून खेळायचो. भावसून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपात तूर निवडत बसायची, आमच्याकडे पाठ अर्धी वळवून. पहिले दोन-तीन रविवार ती काही बोलली नाही. एकदा मी मोठ्या तोऱ्यात टाकी ठेवली आणि तिला लागून सार्वजनिक संडास ठेवला.

"अवो, त्यायले इचारा," उंबऱ्यावरून आवाज आला, "टाकीले लागून संडास बांधला. थे पानी कोन पेनार हाये?"

भाऊ हसू दाबत माझ्याकडे वळला. "दादा, थे म्हनते का..."

"ऐकलं मी."

"मंग सांग ना, कोन पेनार?"

"तिले सांग, नियमात तसं काई नाई."

"नियमात नसलं तरी पोट तं बिघडनारच ना," ती सुपाकडे पाहत म्हणाली.

"मी का टेलिफोनचा खांबा हाव का?" भाऊ म्हणाला. "सहा फुटावर बसून बोलून राह्यले दोघं, अन् तार माह्या कानातून!"

कितीतरी दिवसांनी तो हसत होता. मी मात्र ओशाळलो. उभा जन्म लेआउट काढले होते मी. त्या आठवड्यात यवतमाळला बसून शेजाराचा नियम केला. टाकीजवळ संडास आला की माणसं गाव सोडतात. विहिरीभोवती घरं असली की वाढतात. बाजार रस्त्याला लागून नसला तर ओसाड पडतो. पुढच्या रविवारी तिनं त्यात भर घातली. शाळेला लागून कोंडवाडा नको, आणि स्मशानाकडे जायची वाट बाजारातून नको. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

मग तीही खेळू लागली. उंबऱ्यावरूनच. तिच्या सोंगट्या भाऊ हलवायचा. "उजवीकडल्या घराच्या मांगं ठेवा. तिथी नाई वो, तिच्या मांगं. अशी कशी हो तुमची उजवी बाजू?" असं चालायचं. पाठ वळवून बसलेली असूनही सगळा पट तिच्या डोक्यात असायचा. दुसऱ्याच डावात तिनं आम्हा दोघांना हरवलं.

खेळात एक मोठा दोष होता. एकदा कोणी पुढे गेला की पुढेच जात राहायचा. सहा पडले की पुन्हा पाळी, आणखी घरं, आणखी माणसं. मागे पडलेल्यानं नुसतं बघत बसायचं. मागे पडणारा बहुतेक भाऊच असे. एका रविवारी त्यानं फासा अंगणात भिरकावला.

"जाऊ दे दादा. इथीबी मांगं, तिथीबी मांगं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्यायले सांगा, फासा ठेवूच नका. वावरात कोनी फासा टाकून पाळी घेते का?"

"मंग कशी घेते?" मी भावाला विचारलं.

तिनं सगळं समजावून सांगितलं, तुरीचे दाणे सुपात इकडून तिकडे सारत. निंदायला, वेचायला बायका वावरात उतरल्या की प्रत्येकीला आपापली पात असते, म्हणजे दोन-तीन ओळींचा लांब पट्टा. कोणाचा हात चालतो, कोणाचा मागे राहतो. पुढे गेलेली धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचली की तिथे थांबते. मागची येईपर्यंत नवी पात धरत नाही.

"तसंच करा म्हना. हरेक कामाले दिवस लागते का नाई? झोपडीले एक दिवस, इहिरीले दोन, शाळेले चार, टाकीले सहा. जेवढे दिवस लागन तेवढे घरं आपली सोंगटी पुढं सरकवाची. अन् पाळी कोनाची? जे सगळ्याइच्या मांगं हाये तेची. पुढं गेलं त्यानं धुऱ्यावर बसावं."

मी पटाच्या कडेनं दिवसांची पट्टी आखली आणि आम्ही दोघा भावांनी लगेच डाव मांडला. मी लोभानं टाकी बांधली आणि पट्टीवर सहा घरं पुढे जाऊन बसलो. मी तिथे थांबलो असताना भावानं एकामागून एक विहीर, झोपडी, झोपडी, बाजार असं बांधत नेलं. पाळी त्याचीच, पुन्हा त्याचीच. तो पुढे सरकून बसला होता. "थांब ना दादा, धुऱ्यावर थांब!" तो मला म्हणाला. त्या दिवशी तो जिंकला.

नंतर डब्यातले परदेशी खेळ माझ्याकडे आले, त्यांतल्या काहींत अगदी हीच युक्ती दिसली. कोणीतरी कुठेतरी स्वतःच्या डोक्यानं ती काढली असणार. भावसुनेनं ती वावरातून आणली होती आणि तिच्याआधी मी ती कुठेच पाहिली नव्हती. तिच्यामुळे खेळ उभा राहिला. फासा गेला, नशीब गेलं, मोठं काम धरलं तर थांबावं लागतं हे आलं, आणि मागे पडलेला माणूस खेळातच राहिला. नगररचनेच्या कार्यालयात इतकी वर्षं बसून मला हे सुचलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलानं हा खेळ पाहिला आणि पुण्याच्या मंडळींना कळवलं. ते यवतमाळला आले, एका शाळेच्या हॉलमध्ये खेळ मांडला, शिक्षकांना बोलावलं. दुपारभर डाव चालले. शेवटी मला पुढे बसवून प्रश्न विचारू लागले. त्यांच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "काका, ही मागे असलेल्याची पाळी, ही कल्पना कोणाची? कशी सुचली?"

मी म्हणालो, "माझीच. शेतात बायका वेचताना पाहिल्या, त्यावरून सुचलं."

टाळ्या वाजल्या.

ती मुलगी पुढे म्हणाली, "आम्हाला मुलींच्या शाळांसाठी असे खेळ तयार करायचेत. गावातल्या कामांवरून असं सुचणारं माणूस हवंय, गावात राहूनच काम करता येईल. पगार देऊ. तुमच्या ओळखीत आहे का कोणी? बाई असली तर फारच छान."

मी म्हणालो, नाही.

भावसून बारावी झालेली होती. डीएडला नंबर लागला असताना लग्न झालं होतं. हे मला माहीत होतं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की रीत आडवी आली, भरल्या सभेत भासऱ्यानं भावसुनेचं नाव कसं घ्यायचं. ते खरं नाही. नाव न घेताही सांगता आलं असतं. माझ्या भावाच्या घरातून आलं, एवढं म्हटलं असतं तरी त्या मुलीनं बाकीचं विचारून घेतलं असतं. मला टाळ्या आवडल्या. नोकरीत मी काढलेल्या कुठल्याही नकाशावर माझं नाव आलं नव्हतं, साहेबाची सही यायची. पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, हे कोणी केलं.

खेळ डब्यात निघाला. झाकणावर खाली छापलं होतं, संकल्पना आणि नियम, आणि पुढे माझं नाव. मी डबा घेऊन गावी गेलो. भावानं झाकण उघडलं, लाकडाच्या सोंगट्या हातात घेऊन पाहिल्या, खूश झाला. मग नियमांचा कागद त्यानं उंबऱ्याकडे सरकवला. तिनं तो उचलून वाचला. चार पानं होती, तिनं सगळी वाचली. तोवर भावानं झाकण उलटसुलट करून पाहिलं.

"दादा, याच्यात हिचं नाव कुठी हाये?"

मी म्हणालो, "घरातल्या बाईचं नाव डब्यावर कायले पाहिजे?"

आवाज चढवला नव्हता. सहा फुटांवर ती बसली होती, तिला ऐकू जाणारच होतं, हे मला ठाऊक होतं. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. तो मला कधी उलट बोलला नव्हता आणि तेव्हाही बोलला नाही. ती कागदाची घडी घालत होती.

"त्यायले सांगा," ती म्हणाली, "नियम बराबर लिवला. काई सुटलं नाई."

भावानं ते मला सांगितलं नाही. तो उठून बैलांकडे गेला. तिनं घडी केलेला कागद जमिनीवर ठेवला, बोटांनी थोडा माझ्याकडे सरकवला आणि चुलीकडे गेली.

मी जात राहिलो. चहा पूर्वीसारखाच यायचा, माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर. भाऊ एखाद्या वेळी डाव मांडायचा. आम्ही दोघंच खेळायचो. तिला विचारलं की आतून उत्तर यायचं, काम आहे. काम खरंच असायचं. पुढच्या हंगामात आमच्या वावरातला कापूस एका वेचणीतच संपला, आणि ती लोकांच्या वावरात वेचायला जाऊ लागली. स्वतःचं वावर असलेल्या घरातली सून रोजानं जाते, हे गावात लहान गोष्ट नव्हती. एका शनिवारी फाट्यावरून चालत येताना मी तिला पाहिलं. दुसऱ्याच्या धुऱ्यावर कमरेला कापसाची ओटी बांधून उभी होती, मागच्या बाईची वाट पाहत. मला पाहून तिनं पदर पुढे ओढला. मी मान खाली घालून पुढे गेलो. पुण्याच्या त्या मुलीचा पत्ता तेव्हाही माझ्या पाकिटात होता. पुढे तिचं पत्रही आलं, कोणी सापडलं का म्हणून. मी उत्तर दिलं नाही.

भावसुनेला पत्र लिहावं असं अनेकदा वाटलं. एकदा लिहायला बसलोही. वर मायना काय लिहायचा तिथेच अडलो आणि कागद फाडला. हेही कारणच होतं. मायन्याशिवायही पत्र जातं.

मग भाऊ गेला. हृदयाचं दुखणं होतं, यवतमाळच्या दवाखान्यात तीन दिवस काढले. शेवटच्या दिवशी मी त्याच्याजवळ होतो. तेव्हा त्याला तरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. डॉक्टरनं बोलू देऊ नका म्हटलं होतं, तेच धरून बसलो.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, मुलगी सामान आणायला दारव्ह्याला गेली. दुपारची वेळ होती. ओसरीत मी होतो आणि आत ती होती. पहिल्यांदाच त्या घरात आम्ही दोघंच होतो आणि मध्ये कोणी नव्हतं. वाक्य मी जुळवून ठेवलं होतं. तीन-चार वेळा मनात म्हणून पाहिलं. ती चहा घेऊन आली, कप खाली ठेवला आणि परत न जाता उंबऱ्याशी, तिच्या नेहमीच्या जागी बसली. पदर होता, पण पाठ वळवलेली नव्हती. मी काही बोलेन याची ती वाट पाहत होती, हे आज मला कळतं. कदाचित तेव्हाही कळलं असेल.

मी घसा खाकरला आणि म्हणालो, "औंदा तूर कशी हाये?"

लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून मी तिच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरी हाये."

मी चहा संपवला. फाट्यावरच्या गाडीची वेळ झाली होती. मी पिशवी उचलून निघालो. ती दारापर्यंत आली, कारण पोचवायला दुसरं कोणी नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीनं तिला आपल्या सासरच्या गावी, फुलसावंगीकडे नेलं. मी एकदा जायचं ठरवलं, गाडीचं विचारूनही आलो, आणि मग उन्हाचं निमित्त करून गेलो नाही. पावसाळा संपता संपता ती गेली. ताप आला होता म्हणाले.

पुण्याच्या मंडळींना माझी विनंती आहे की डबा पुन्हा छापाल तेव्हा झाकणावरचं माझं नाव काढा. तिचं नाव तिच्या मुलीला विचारून घ्या. ते घालायचं की नाही, हेही मुलीनंच ठरवावं.

त्या दुपारी ओसरीत मला हे म्हणायचं होतं: पातीचा नियम तुमचा. शेजाराचाही तुमचाच. मी भरल्या सभेत तो माझा म्हणून सांगितला, तुमच्या हाताला येणारं काम माझ्या तोंडानं घालवलं, आणि तुमच्यासमोर बसून म्हणालो की घरातल्या बाईचं नाव कशाला पाहिजे. माझं चुकलं. मला माफ करा.